‘पुढे चालू’ : एकट्याने चालवलेल्या नियतकालिकांचे गद्य

१

गेल्या दिवाळीनंतर माझ्या पत्रकाचा एकही अंक निघालेला नाही. पत्रक म्हणजे काही मोठे प्रकरण नव्हे. महिन्यातून एकदा चार पाने, पिंगळीतल्या माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात काढलेली आणि सत्तर-ऐंशी लोकांना टपालाने पाठवलेली. आपल्या भागातले मोडीत निघालेले शब्द, गावांची नावे, वीरगळ, बारवा, जुन्या पेट्यांत सापडलेले कागद असा त्यातला मजकूर. आठ वर्षे ते निघत राहिले. मग एका महिन्यात कापसाची वेचणी आडवी आली, पुढच्या महिन्यात घरात आजारपण आले, आणि तिसऱ्या महिन्यात आडवे काहीच आले नाही तरी अंक निघाला नाही. हा तिसरा महिना माझ्या मनाला लागला. कारण असले की माणूस स्वतःला माफ करून टाकतो. कारण नसताना हात चालेनासा झाला की धास्ती वाटते.

वाचकांपैकी तिघांनी चौकशी केली. त्यातल्या एकाने, अंक टपालात गहाळ झाला काय, असे विचारले. मी हो म्हणालो. ते खोटे बोलणे अजून बोचते.

त्यानंतर मी एकट्याने नियतकालिक चालवणाऱ्या मराठी माणसांविषयी वाचायला लागलो. हेतू फारसा शुद्ध नव्हता. मला एक सबब हवी होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सात वर्षांच्या अंकांवर थांबली, आपले पत्रक तर आठ वर्षे चालले, हा हिशेब मनाला बरा वाटत होता. पिंगळीहून सकाळच्या गाडीने परभणीला जायचे, ग्रंथालयात बसायचे, संध्याकाळी परत यायचे; जे तिथे मिळाले नाही ते दुकानातल्या संगणकावर वाचायचे, असे सात-आठ महिने चालले. वाचत गेलो तसा तो हिशेब फिसकटला. तो कसा फिसकटला आणि त्यातून हाती काय आले, ते या लेखात मांडतो.

आपल्याकडे नियतकालिकांचा अभ्यास बहुधा विचारांच्या अंगाने होतो. अमुक मासिकाने कोणती मते मांडली, कोणते वाद घातले, समाजावर काय परिणाम झाला, हे तपासले जाते. ते योग्यच आहे. पण ज्याने स्वतः पाने भरली आहेत त्याला आणखी एक प्रश्न सुचतो. मजकूर छापखान्यात द्यायचा दिवस उजाडला आहे, मन निरुत्साही आहे, मदतीला दुसरा लेखक नाही. अशा दिवशी या माणसाने पान कशाने भरले? हा प्रश्न चरित्राचा वाटतो. माझ्या मते तो गद्याचा आहे, कारण त्याचे उत्तर लेखनाच्या घडणीत सापडते. जो उत्साहाविना लिहिता येईल असा घाट शोधतो तो टिकतो, आणि कोणता घाट शोधला यावर गद्याची जात ठरते, हे माझे म्हणणे आहे.

२

‘निबंधमाला’ १८७४ च्या जानेवारीत सुरू झाली तेव्हा चिपळूणकर तेवीस वर्षांचे होते. शिक्षकाची नोकरी होती, वडील कृष्णशास्त्री यांच्याकडून हाती आलेले ‘शालापत्रक’ होते, आणि त्यात ही नवी जबाबदारी. १८८१ पर्यंत मालेचे ८४ अंक निघाले. महिन्याला एक धरला तर हा सात वर्षांचा भरणा झाला, आणि जवळजवळ सारा एकाच हाताचा. आरंभीचा निबंध मराठी भाषेच्या सांप्रतच्या स्थितीवर, शेवटचा देशाच्या स्थितीवर. ‘आमच्या देशाची स्थिति’ हा तो शेवटचा निबंध इंग्रज सरकारने १९१० साली जप्त केला आणि त्यावरची बंदी १९३७ मध्ये उठली. एवढी धग त्यात तीस वर्षांनंतरही शिल्लक होती.

ही धगच आपल्याला माहीत असते, कारण आपण माला निवडक स्वरूपात वाचतो. पाठ्यपुस्तकांत आणि निवडक संग्रहांत चिपळूणकरांचे ठेवणीतले लेखन येते. मी या वेळी माला अंकांच्या क्रमाने वाचायला घेतली, आणि मला त्यात एकाच्या जागी दोन लेखक दिसले. पहिला आपल्या ओळखीचा. लांब पल्ल्याची वाक्ये, उपरोध, संस्कृत वचनांची पेरणी, प्रतिपक्षाला शेवटच्या क्रियापदापर्यंत ताटकळत ठेवून मग फटका. दुसरा लेखक वर्गात उभा असलेला शिक्षक आहे. ‘वाचन’, ‘लेखनशुद्धि’, ‘अनुकरण’, ‘गर्व’ अशा विषयांवर तो लिहितो. आधी विषयाची व्याख्या, मग त्याचे प्रकार, मग उदाहरणे, मग कोणी घेईल ती शंका आणि तिचे निरसन. हा साचा इतका पक्का आहे की तो हाती असला तर कोणत्याही विषयावर, कोणत्याही दिवशी, चार पाने लिहिता येतात.

हा दुसरा लेखक निवडक संग्रहांतून गळतो. निवड करणाऱ्याचा त्यात दोष नाही. चांगले ते निवडणे हेच त्याचे काम. पण त्यामुळे थकव्याचा पुरावा पुसला जातो, आणि नव्या लिहिणाराला असे वाटते की थोर लेखक सदैव पेटलेलाच असतो. ८४ अंक सलग वाचले तर उलट दिसते. तो व्याख्येचा आणि प्रकारांचा साचा नसता तर ती धगधगणारी पाने लिहिण्यापर्यंत माला पोचलीच नसती. शिक्षकाने पाने भरली म्हणून वक्त्याला व्यासपीठ मिळाले.

चिपळूणकरांचे दुसरे साधन म्हणजे लांबवर चालणारा विषय. ‘मोरोपंतांची कविता’ आणि ‘डॉ. जॉन्सन’ हे विषय त्यांनी एका अंकात संपवले नाहीत. ते पुढच्या अंकांत चालत राहिले. जुन्या मासिकांत अशा हप्त्याखाली ‘अपूर्ण’ किंवा ‘पुढे चालू’ असे शब्द छापत. आपल्याला ती वाचकासाठी दिलेली सूचना वाटते. लिहिणाराच्या बाजूने पाहिले तर ती वचनचिठ्ठी आहे. या महिन्यात उमेद असताना ती लिहून द्यायची आणि पुढच्या महिन्यात उमेद नसताना फेडायची. विषय कोणता घ्यावा या विवंचनेतच निरुत्साही माणसाची निम्मी शक्ती संपते. ‘पुढे चालू’ या दोन शब्दांनी ती विवंचना आगाऊ मिटते.

जॉन्सनचा विषय चिपळूणकरांना घरातूनच मिळाला होता. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे कृष्णशास्त्र्यांनी सुरू केलेले भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले होते. पण मला यात आणखी एक नाते दिसते. मार्च १७५० पासून मार्च १७५२ पर्यंत जॉन्सनने ‘रॅम्ब्लर’ नावाचे निबंधपत्र चालवले. दर मंगळवारी आणि शनिवारी एक निबंध, एकूण २०८, आणि मोजके सोडले तर सगळे त्याचेच. खप पाचशेच्याही खाली. त्याच काळात तो आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या कामातही बुडालेला होता. शेवटच्या अंकात त्याने ठरल्या दिवशी लिहावेच लागणाऱ्या माणसाची व्यथा सांगितली आहे. स्वतः एकट्याने मासिक ओढणाऱ्या माणसाला जॉन्सनचे चरित्र सांगावेसे वाटावे, ते अनेक अंक सांगत राहावे, यात केवळ इंग्रजी साहित्याचे प्रेम नसावे. पुढे चालणाऱ्याची पावले मागचा पाहत असतो.

३

साचा आणि हप्ता ही दोन साधने झाली. ‘निबंधमाले’त तिसरेही एक साधन आहे, आणि त्याविषयी लिहिताना मला सावध राहावे लागते. ते साधन म्हणजे शत्रू.

माला वाचताना गद्याचा पारा कुठे चढतो याची मी खूण करत गेलो. बहुतेक खुणा माणसांच्या नावांपाशी आल्या. मिशनरी, इंग्रजीचे आंधळे अनुकरण करणारे, लोकहितवादी, स्वामी दयानंद, जोतीराव फुले. समोर कोणी उभा केला की चिपळूणकरांची लेखणी जागी होते. शिक्षक वर्गाबाहेर जातो आणि वक्ता आत येतो. मंदावलेल्या चुलीत सरपण घातल्यासारखे होते.

पण सरपण म्हणून कोणाला वापरले, हे पाहायला हवे. फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली, मालेच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. धर्माच्या नावाने चाललेली लूट, शूद्रातिशूद्रांचे शिक्षण, शेतकऱ्याची नागवण हे फुल्यांचे प्रश्न होते. चिपळूणकरांनी फुल्यांवर लिहिताना त्यांच्या भाषेची, व्याकरणाची, लेखनाची टर उडवली. ती पाने आजही चटकदार वाटतात, आणि तेच दुःख आहे. हसून झाल्यावर परत मागे जाऊन पाहावे तर फुल्यांच्या प्रश्नांना उत्तर सापडत नाही. वाङ्मयाच्या इतिहासात या पानांचा उल्लेख चिपळूणकरांच्या शैलीचे सामर्थ्य म्हणून होत आला आहे. त्यांच्या जातीच्या आणि काळाच्या मर्यादा अशीही त्याची मीमांसा झाली आहे, आणि ती खरी आहे. मला त्यात एका कारणाची भर घालायची आहे, तीही त्यांना सोडवण्यासाठी नव्हे. महिन्यामागून महिना एकट्याने लिहिणाराला स्वतःला पेटवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे कोणाची तरी खिल्ली. ती लिहिताना कष्ट पडत नाहीत, वाचकांची पत्रे येतात, आणि लिहिणाराला वाटते की आपला उत्साह परत आला. प्रत्यक्षात तो दुसऱ्याच्या खर्चाने आलेला असतो. माणसाचे शुद्धलेखन चुकले की त्याचा मुद्दाही चुकला, ही जी समजूत मराठी वादांत घर करून बसली आहे तिला या पानांचे बळ मिळाले आहे.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो, कारण मी ते केले आहे. पत्रकाच्या पाचव्या वर्षी माझी गाडी अशीच रुतली होती. त्याच सुमारास दुसऱ्या एका तालुक्यातल्या शिक्षकाने गावनावांवर एक छोटी पुस्तिका स्वतःच्या पैशाने छापली. त्यातल्या एका नावाची व्युत्पत्ती उघड चुकलेली होती. मी एका बैठकीत चार पाने लिहिली. चूक दाखवायला चार ओळी पुरल्या असत्या. उरलेल्या पानांत मी त्या माणसाच्या इंग्रजाळलेल्या प्रस्तावनेची, संस्कृतच्या अज्ञानाची, ऱ्हस्वदीर्घांची मजा घेतली. मी स्वतः दहावीनंतर शिकलेलो नाही. जे काही आले ते ग्रंथालयाच्या बाकावर आले. म्हणूनच कदाचित दुसऱ्याचे ऱ्हस्वदीर्घ पकडताना मला इतका आनंद झाला. त्या अंकाला आली तेवढी पत्रे आठ वर्षांत कधी आली नाहीत. पुढचे सहा अंक मी त्या जोमावर सहज काढले. त्या शिक्षकाने मात्र नंतर काही छापल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्याच्या पुस्तिकेत इतर दीडशे नावे होती, आणि त्यातली कितीतरी त्याने पायी फिरून गोळा केली होती, हे मी त्या चार पानांत कुठेही लिहिले नव्हते.

‘निबंधमाला’ थांबली तीही थकून थांबली असे मला म्हणता येईना. १८७९ मध्ये चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली. १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. शाळा, छापखाना, दोन पत्रे अशी कामे वाढली आणि मालेचे पाणी त्या शेतांत वळले. १७ मार्च १८८२ रोजी, वयाची बत्तीस वर्षेही पुरी व्हायच्या आत, ते गेले. त्यांच्या थांबण्याचा आधार घेऊन माझे थांबणे झाकता येण्यासारखे नव्हते. माझे पाणी दुसऱ्या कुठल्याच शेतात गेलेले नव्हते.

४

चिपळूणकर गेले त्याच वर्षी, दोन महिने आधी, १४ जानेवारीला रघुनाथ धोंडो कर्वे जन्मले. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. तेव्हापासून १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मृत्यू येईपर्यंत, सव्वीस वर्षे, ते मासिक कर्व्यांनी बहुतांशी स्वतःच्या लेखणीवर आणि स्वतःच्या पदराला खार लावून चालवले. शेवटचा अंक त्यांच्या मागे, नोव्हेंबर १९५३ चा निघाला.

शत्रूंची कमतरता कर्व्यांना नव्हती. अश्लीलतेच्या आरोपाखाली १९३१ मध्ये खटला झाला आणि दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला झाला. तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता, आणि त्यात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, दंड झाला, मासिक चालू राहिले. एवढ्या सरपणावर दुसऱ्या कोणी वणवा पेटवला असता. कर्व्यांच्या गद्याचा पारा मात्र चढत नाही. ते बोचरे लिहितात, पण तो बोचरेपणा गणिताच्या मास्तराचा आहे. तुमचे म्हणणे अमुक, त्याचा पुरावा तमुक, तो पुरत नाही, सबब म्हणणे टाकून द्यावे, पुढचा प्रश्न. वाक्ये आखूड. अलंकार जवळजवळ नाहीत. मुद्दा संपला की परिच्छेद संपतो.

या थंड गद्याचे रहस्य मला ‘समाजस्वास्थ्य’च्या प्रश्नोत्तरांत सापडले. वाचक आपल्या अडचणी लिहून पाठवत. दुसऱ्या कोणापाशी बोलता येणार नाहीत अशा त्या अडचणी. कर्वे त्यांना उत्तरे देत. या घाटाचा लिहिणाराच्या मनःस्थितीशी काय संबंध येतो ते पाहावे. प्रश्न बाहेरून येतो. तो लेखकाच्या उमेदीची वाट पाहत नाही. उत्तर द्यायला स्फूर्ती लागत नाही. माहिती लागते आणि सचोटी लागते. या दोन्ही गोष्टी उदास दिवशीही माणसापाशी असू शकतात. निबंध लिहिणारा आपल्या मनाच्या विहिरीतून पाणी शेंदतो आणि विहीर आटली की बसून राहतो. उत्तर देणाऱ्याच्या दाराशी रोज कोणी तहानलेला उभा असतो, आणि पाणी कुठून तरी आणावेच लागते.

कर्व्यांवर पुनरुक्तीचा आक्षेप घेता येतो. तेच मुद्दे, तेच दाखले, वर्षानुवर्षे. सलग अंक वाचताना मलाही ते जाणवले. पण सलग वाचणारा मी, सत्तर-नव्वद वर्षांनंतरचा. १९३० मधल्या वाचकाचा मुलगा १९५० मध्ये तोच प्रश्न नव्याने विचारत होता. त्याला जुना अंक पाहा असे सांगणे म्हणजे दार लावून घेणे. दवाखान्यातला डॉक्टर, हा ताप मी काल एकाचा उतरवला आहे, असे म्हणत नाही. कर्व्यांची पुनरुक्ती ही त्या घाटाची किंमत होती, आणि सव्वीस वर्षे ती त्यांनी न कुरकुरता मोजली.

हा घाट कर्व्यांच्या आधीही मराठीत होता. १८४८ ते १८५० या काळात गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात जी १०८ पत्रे लिहिली, ती सरकारी नोकरी सांभाळून लिहिली. पत्र हा त्यांचा घटक. एका पत्रात एक तक्रार, ती सांगून झाली की पत्र संपले. त्यांची भाषा ओबडधोबड आहे, एकाच गोष्टीवर ते पुन्हा येतात, रचनेची फिकीर करत नाहीत. चिपळूणकरांना हे दोष वाटले. मला आता वाटते की कचेरीतून दमून आलेल्या माणसाला लिहिता येईल एवढाच तो घाट होता, आणि म्हणून १०८ पत्रे झाली. सुबकपणाची वाट पाहिली असती तर दहाच झाली असती.

५

परभणीच्या काळ्या जमिनीतल्या माणसाला हे सगळे समजावून घ्यायला एक सोपा दाखला हाताशी आहे. आपल्याकडे दोन हंगाम. खरिपाचे पीक पडणाऱ्या पावसावर वाढते. चार दिवस उघडीप पडली की माना टाकते. रब्बीची ज्वारी पाऊस गेल्यावर पेरतात. तिच्यावर आभाळातून फारसे काही पडत नाही. भारी जमिनीत जी ओल मुरलेली असते तिच्यावर ती येते. आमच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी मोती’ ही वाण याच हंगामाची. खरिपाचे लेखन आणि रब्बीचे लेखन असा भेद केला तर चिपळूणकरांची धगधगती पाने खरिपाची आणि ‘समाजस्वास्थ्य’ रब्बीचे. आपल्या समीक्षेने पहिल्याला शैली म्हटले आणि दुसऱ्याला समाजकार्य. कर्व्यांचे नाव सुधारकांच्या यादीत येते. मराठी गद्याला आखूड, नेमके, न चढणारे वाक्य देणारा लेखक म्हणून ते क्वचितच येते. ही वाटणी मला मान्य नाही.

या मांडणीवर एक आक्षेप मी स्वतःच घेतो, आणि तो माझ्याच जिल्ह्यातून येतो. बी. रघुनाथ म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी १९१३ साली सातोन्याला जन्मले. निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात कारकुनी केली. कचेरीची भाषा उर्दू, आणि लिहिणे मराठीत. त्यांच्यापाशी मासिक नव्हते, हप्त्याचे वचन नव्हते, प्रश्न विचारणारे वाचक नव्हते. मराठी प्रकाशनाची मोठी केंद्रे पुण्या-मुंबईला, म्हणजे दुसऱ्या राज्यात. तरी कविता, कथा, ‘बाबू दडके’सारख्या कादंबऱ्या, ललित लेख असे लेखन कारकुनीच्या वर्षांत चालूच राहिले. ७ सप्टेंबर १९५३ रोजी चाळिसाव्या वर्षी ते गेले. ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा कवितासंग्रह त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. बाहेरून कोणीच मागत नसताना हा माणूस लिहीत राहिला. मग घाटाचे माझे म्हणणे इथे कसे टिकते?

मला वाटते, ते थोडे बदलून टिकते. बी. रघुनाथांच्या कथा-कादंबऱ्यांतले जग पाहावे. निजामी राजवटीतली लहान गावे, कारकून, गल्ल्या, अडलेली-नडलेली माणसे. रोज दहा ते पाच ज्या जगात बसायचे तेच त्यांनी लेखनाचे साहित्य केले. ज्या नोकरीने त्यांचा वेळ खाल्ला तिनेच त्यांना मजकूर पुरवला. कर्व्यांपाशी प्रश्न टपालाने येत, बी. रघुनाथांपाशी ते कचेरीच्या टेबलापलीकडे येऊन उभे राहत. दोघांनाही लेखनाचे कारण स्वतःच्या मनाबाहेर सापडले होते. उत्साह मनात असतो आणि मन रोजचे रोज बदलते. बाहेरचे जग तसे बदलत नाही. त्यातला कोणी तरी रोज काही तरी विचारतच असतो.

१९५३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, सदतीस दिवसांच्या अंतराने, परभणीतला हा कारकून आणि मुंबईतला तो प्राध्यापक दोघेही गेले. त्यांचा एकमेकांशी संबंध जोडायचे मला काही कारण नाही. पण माझ्या वहीत ही दोन नावे आता एका पानावर आहेत.

६

शेवटी या वाचनातून मला काय मिळाले? सबब मिळाली नाही, हे वर सांगितलेच. सल्ला म्हणावा असेही फार थोडे मिळाले. जेवढे मिळाले ते असे. साचा असावा, त्याची लाज वाटू नये. मोठा विषय हप्त्यांनी लिहावा आणि हप्ता संपताना पुढचे वचन द्यावे. घटक आपल्या सर्वांत दमलेल्या दिवसाला पेलेल एवढाच ठेवावा. दुसऱ्याची टर उडवून पेटू नये. ती आग दोन-चार महिने पुरते आणि कोणाचे तरी घर जाळते. आणि पान भरण्याचे कारण स्वतःत शोधत बसण्यापेक्षा ते बाहेर शोधावे.

माझ्या पत्रकाचा घाट मी तपासला तेव्हा चूक दिसली. आठ वर्षे मी चार पानांचा एक सलग निबंध लिहीत होतो, दर महिन्याला नवा विषय, दर महिन्याला सुरुवात शून्यापासून. वाचकांना मी कधी काही विचारले नव्हते. सत्तर-ऐंशी माणसे, त्यांतली निम्मी शेतकरी, शिक्षक, निवृत्त टपाल आणि रेल्वे कर्मचारी. शब्दांचा केवढा साठा त्यांच्यापाशी असेल! मी त्यांना फक्त वाचायला लावले होते.

म्हणून गेल्या पंधरवड्यात मी पुढच्या अंकाची जुळणी केली आहे. चाराऐवजी दोन पाने. पहिल्या पानावर औतफाट्याच्या दहा शब्दांची यादी, तिच्यासमोर रिकामी जागा. तुमच्या गावी याला काय म्हणतात ते लिहून पाठवा, अशी विनंती. दुसऱ्या पानाचा वरचा अर्धा भाग त्या शिक्षकाच्या पुस्तिकेसाठी आहे. तीन वर्षांपूर्वी जे लिहायला हवे होते ते आता लिहिले: त्याने दीडशे गावनावे पायी फिरून गोळा केली, त्यातल्या एका नावाची उपपत्ती मला पटत नाही, आणि त्याची टर उडवणे ही माझी चूक होती. खालचा अर्धा भाग अजून रिकामा आहे. त्या शिक्षकाला मी एक कार्ड टाकले आहे. त्याच्या यादीतल्या एका वस्तीच्या नावाचा मला उलगडा होत नाही. आपण तिथे गेला होतात, तिथले लोक ते नाव कसे उच्चारतात, एवढेच त्यात विचारले आहे. उत्तर आले तर ते त्याच्या नावासह छापीन. न आले तर नुसता माझा प्रश्न छापीन आणि त्याखाली ते दोन जुने शब्द: पुढे चालू.